जगदाळ्यांची ओटी दोरीशी थांबली

जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, जगदाळ्यांच्या सोप्यात निकाल लागला. निकाल लावला रंगूबाईंनी. त्या घरात शेवटचा शब्द हंबीररावांचा असतो असं गाव समजत होतं, आणि हंबीररावसुद्धा तसंच समजत होते. बाईंनी तो समज कधी मोडला नव्हता.

"उद्याची जत्रा तेवढी उभी ऱ्हा," त्या चुलीपुढं बसलेल्या थोरल्या सुनेला म्हणाल्या. "परवा ती खाकी साडी, ती टोपी, ती शिट्टी, समदं कराडला जमा करून यायचं. लोकांच्या तोंडाला हात लावून लावून माझा हात दुखाय लागला."

चंद्राबाईची भाकरी तेवढी तव्यावर जरा जोरात पडली.

"आई बोलली ते बराबर बोलली," राजारामनं लगेच री ओढली. थोरला कृष्णात बांगलादेशच्या लढाईत पडला, तेव्हापासून घरचा ऊस, गावची पंचायत आणि बोलायचा अधिकार असं सगळंच या धाकट्याकडं आलं होतं. "कारखान्यावर गेलो तरी माणसं हसत्यात. म्हनत्यात, राजाराम, तुझी वयनी फुकट फौजदारीण झाली व्हय रं?"

हंबीररावांनी खाकरून घसा साफ केला. पलटणीत हवालदार होऊन घरी आलेला गडी. दाढी अजून पहाटे करायचा. "वर्दी पलटणीची. बाकीची समदी दसऱ्याची सोंगं. हप्त्यातनं एकदा कवायत करून कुणी शिपाई हुतो व्हय?"

धाकटी सून मनुबाई कोपऱ्यात खण निवडत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, जावेकडं बघितलं आणि पुन्हा खणात तोंड घातलं.

निकाल लागला, पण रंगूबाईंना रात्री झोप लागेना. लढाईवरून तार आली त्यानंतर वर्षभर ही पोर ज्वारीच्या कणगीशी बसून असायची. जेव म्हटलं तर जेवायची, ऊठ म्हटलं तर उठायची. पदरात मूल नाही, माहेरी आई नाही. मग कराडला बायकांचं होमगार्डचं पथक निघालं आणि हिनं कुणाला न विचारता नाव घातलं. दर रविवारी कवायत. जखमेवर पट्टी कशी बांधायची, आग कशी विझवायची, गर्दी कशी आवरायची, असलं काहीबाही शिकून यायची. आणि रविवारी कराडहून आली की अर्धीच्या जागी दोन भाकरी खायची, वर ठेचा मागून घ्यायची. ते रंगूबाईंच्या ध्यानात आलं होतं. पण ध्यानात आलेलं सगळं बोलून दाखवायचं म्हटलं तर सासू कशाला व्हायचं? त्या कूस बदलून निजल्या.

बोरजाई म्हणजे औंधच्या यमाईची धाकटी बहीण, असं गावात मानतात. थोरलीशी भांडून या डोंगरावर येऊन बसली, म्हणून हिचा स्वभाव जरा तापट. जत्रेदिवशी पहिली ओटी जगदाळ्यांच्या घरच्या थोरल्या सवाष्णीची. पुढं हलगी, मागं ओटीचं ताट, आणि पायऱ्यांवरच्या बायकांनी बाजूला सरून वाट द्यायची. रंगूबाई या घरात नांदायला आल्यापासून हा मान कधी चुकला नव्हता. एक वर्ष त्यांना थंडीतापानं घेरलं होतं, तेव्हाही दीर-पुतण्यांनी डोलीत घालून वर नेलं होतं.

देवीची दुसरी रीत धोंडुबाईमुळं सगळ्यांना पाठ होती. धोंडुबाई गुरवाची. दर जत्रेला तिच्या अंगात यायचं. आई अंगात आली की पायरीवर कुणी उभं राहायचं नाही. असेल तिथं बसायचं, डोकं झाकायचं. जो उभा राहील त्याचं काही खरं नाही. रंगूबाई बसायच्या, पण तोंड वाकडं करून. "आमच्या घरात देव देव्हाऱ्यात असतो, अंगात येत न्हाई," हे त्यांचं वाक्य साऱ्या वाडीला ठाऊक होतं. धोंडुबाईला तर फारच ठाऊक होतं.

तर जत्रेदिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत हलगी कडाडली आणि जगदाळ्यांची ओटी पायऱ्या चढू लागली. रंगूबाईंनी हिरवं इरकल नेसलं होतं, नाकात नथ, हातात पितळी ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. मागं मनुबाई नारळांची पाटी घेऊन. राजाराम पुढं, "सरा, सरा" करत. हंबीरराव खाली दीपमाळेच्या ओट्यावर मिशीला पीळ भरत उभे, कारण ही पायऱ्यांची वाट बायकांची. बापय माणसांनी पलीकडच्या उतारानं चढायचं. मानाची ओटी मधल्या दरवाजापर्यंत पोचवायला घरचा एक पुरुष चालायचा, तेवढीच सवलत.

आणि त्या मधल्या दरवाजात, दगडी उंबऱ्यावर, आडवी दोरी धरून चंद्राबाई उभी. खाकी साडी, खाकी टोपी, गळ्यात शिट्टी. दोरीचं दुसरं टोक कडीला बांधलेलं.

हा दरवाजा म्हणजे बाटलीचं तोंड. त्याच्या वर पायऱ्या अरुंद, दोन्ही अंगांना भिंत. चढणाऱ्या बाया नि उतरणाऱ्या बाया एकाच वेळी आत शिरल्या की कालवण व्हायचं. म्हणून ओट्या सुरू व्हायच्या आधी नुसत्या दर्शनाला येणाऱ्या बायांचाही चंद्राबाईनं सकाळपासून एक घोळका वर सोडायचा, तो उतरला की दुसरा, असा क्रम लावला होता.

"दोरी काढ," राजाराम म्हणाला.

"भावजी, जरा थांबा. वरचा घोळका उतरतोया. त्यो उतरला की पैली आपलीच ओटी सोडते."

"आगं, मानाची ओटी हाय ही! हलगी वाजतीया, ऐकू येत न्हाई?"

"येतीया की. पर उतरणाऱ्या बायांस्नी माघारी कुठं ढकलू?"

रंगूबाई पुढं झाल्या. भोवतालच्या बाया माना उंचावून बघत होत्या. कुणीतरी फिदीफिदी हसलं. रंगूबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चंद्रे, सर."

"आत्याबाई, तुमच्या पाया पडते. घटकाभर थांबा."

"मी थांबू? मी? आगं, माझ्या सासूनं हितं कवा थांबून बघितलं न्हाई, तिच्या सासूनं न्हाई. आन् तू, माझ्याच घरची भाकर खाऊन, मला दोरी आडवी लावतीस?"

चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. रंगूबाईंना ते अगदी जवळून दिसलं. पण दोरी धरलेला हात तसूभर खाली आला नाही.

"दोरी तुमास्नी न्हाई लावली, आत्याबाई. समद्यांस्नी लावलीया. घरी गेल्यावर पायताणानं मारा. हितं मी न्हाई सोडायची."

"बघ आई," राजाराम दात-ओठ खात म्हणाला, "बघ, वर्दी अंगावर आली की मानूस कसं हुतं. परवा कशाला, आज सांजच्यालाच उतरवतो ही खाकी!"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वर, देवळाच्या अंगणात, कुण्या दीडशहाण्यानं फटाक्यांची माळ लावली. आणि देवळाच्या शिखराखाली, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं, पोत्याएवढं आग्या मोहोळ होतं.

"माश्या उठल्या! आग्या मोहोळ उठलं गंऽ!"

ती आरोळी पायऱ्यांवरून खाली आली आणि तिच्या मागोमाग बाया आल्या. कुणाच्या कडेला पोर, कुणाच्या हातात दुरडी. खालच्या बायांना काय झालं ते कळेना. त्या वर बघायला रेटू लागल्या. चंद्राबाईनं जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. पण आमच्या मुलखात शिट्टी वाजली की लेझमाचा खेळ सुरू झाला, एवढाच अर्थ बायांना ठाऊक. खालच्या वळणावरच्या बाया "लेझीम आलं गं" म्हणून आणखीनच वर रेटू लागल्या. राजाराम त्या रेट्यात भिंतीला असा चिकटला की त्याच्या फेट्याचं एक टोक तेवढं दिसत राहिलं.

"बसा! खाली बसा! पदर घ्या डोक्यावर!" चंद्राबाई ओरडत होती. कराडला शिकवलेलंच होतं: माश्या उठल्या तर पळायचं नाही, बसायचं, झाकायचं. पण ऐकतंय कोण? तिनं दोरी सोडून दोन्ही हात दरवाजाच्या चौकटीला टेकवले आणि पाठ वरच्या बायांना दिली. धक्क्यासरशी तिची टोपी उडाली. एक म्हातारी तिच्या पायाशी पडली, तर हिनं तिला दोन पायांच्या मधे घेतलं. तोंड लालबुंद झालेलं, पण चौकट सोडली नाही.

रंगूबाई हे सगळं हातभरावरून बघत होत्या. आपण आत्ता या दोरीपलीकडं असतो तर, हे त्यांच्या मनात आलं. पण त्याहून मोठं भय दुसऱ्याच गोष्टीचं होतं. ही पोर हितं मरंल. एक त्या बंगालच्या चिखलात गेला, दुसरी माझ्या डोळ्यांदेखत या पायरीवर जाईल. आणि मी मान मान करत ताट धरून उभी!

रंगूबाईंनी उजव्या हातानं अंबाड्याची गाठ सोडली.

पांढरे केस पाठीवर मोकळे झाले. नथ हलली. छातीतून, पोटातून, कुठून कोण जाणे, असा एक हुंकार निघाला की हलगीवाल्याची टिपरी हातातून पडली.

"हूंऽऽऽ! कोण उभं हाय माझ्या पायरीवर? बसा! उभं ऱ्हाईल त्येला माझी आण! पदर घ्या! डोकी झाका!"

रंगूबाई! ज्यांच्या घरात देव अंगात येत नाही, त्या रंगूबाईंच्या अंगात आई!

"आई आली! बसा गं, आई आली!"

एक रांग बसली. तिच्यामागची बसली. ज्या बाया शिट्टीला बधल्या नाहीत, माश्यांना भिऊन एकमेकींच्या अंगावरून धावत होत्या, त्या मटामट पायरीवर बसल्या नि पदर डोक्यावरून ओढून घेतले. "बोरजाईच्या नावानं उदंऽ" असा गजर वरून खाली उतरत गेला. भिंतीला चिकटलेला राजारामही घसरत घसरत खाली बसला आणि त्यानं फेटा सोडून तोंडावर घेतला.

रंगूबाई घुमत होत्या. घुमत घुमत त्या चौकटीशी आल्या, चंद्राबाईच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि केसांच्या आडून पुटपुटल्या,

"बसल्या का गं समद्या?"

चंद्राबाईनं मान वळवली. "आत्याबाई?"

"हूंऽऽ! बसल्या का म्हणते."

"वळणावरच्या अजून उभ्या हायत्या."

"मग आनी जरा घुमते. तू बघत ऱ्हा."

आणि त्या पुन्हा घुमू लागल्या. माश्या डोक्यावरून गुणगुणत फिरल्या, दोघी-चौघींना चावल्या आणि हलणारं काही मिळेना तशा हळूहळू शिखराकडं परतल्या. वळणावरच्याही बसल्या. आता सोंग आवरावं असं रंगूबाईंनी ठरवलं, तर ती पायात सापडलेली म्हातारी उठून बसली आणि हात जोडून रीतीप्रमाणं विचारती झाली,

"आई, काय चुकलं आमचं? येवढी का कोपलीस?"

आता आली का पंचाईत! अंगात आलेल्या देवीला प्रश्न विचारला की तिनं उत्तर द्यायलाच पाहिजे. रंगूबाईंनी याचा विचारच केला नव्हता. तोंड तर उघडलं.

"चुकलं! लय चुकलं! ही दोरी धरून कोण उभी हुती?"

"जगदाळ्यांची चंद्राबाई, आई. त्यांची सून."

"सून न्हवं!" रंगूबाईंचा आवाज असा चढला की खाली दीपमाळेशी हंबीररावांनी मान वर केली. "माझी लेक हाय ती! माझी लेक! माझी वाट राखती ती. तिच्या अंगावरची खाकी जो उतरवील, त्येनं माझ्या पायरीला पाय लावायचा न्हाई!"

फेट्याच्या आतून राजारामनं घाईघाईनं हात जोडले.

मग चंद्राबाईनं एकेक रांग उठवली. खालची आधी, मग तिच्या वरची. पदर न सोडता, एकमेकींचा हात धरून, सगळ्या बाया उतरल्या. फुटलेल्या बांगड्यांचा खच पडला, पायताणं हरवली, पण एकाही बाईचं हाड मोडलं नाही की एकही पोर चुकलं नाही. बंदोबस्ताचे फौजदार धावत आले तोवर पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी चंद्राबाईला बघून टोपीला हात लावला. आपल्या घरच्या पोरीला फौजदार सलाम ठोकतो, हे हंबीररावांनी दीपमाळेच्या ओट्यावरून बघितलं आणि नकळत त्यांचे पाय जुळले.

जगदाळ्यांची ओटी त्या वर्षी, बाकीच्यांना आधी सोडून, सगळ्यांच्या शेवटी चढली. दिवे लागले होते.

रात्रीच्या जेवणाआधी सोपा भरला. चंद्राबाईच्या खांद्याला मनुबाई हळद चोळत होती. राजाराम येरझाऱ्या घालत होता. दिवसभराची भीती उतरली होती आणि तिच्या जागी राग येऊ बघत होता.

"ते समदं खरं," तो म्हणाला, "पर मान गेला तो गेलाच. पैली ओटी शेवटाला गेली. आन् खाकीचं कालच ठरल्यालं हाय."

"काय ठरल्यालं हाय?" मनुबाई उठूनच उभी राहिली. नवऱ्यापुढं तिचा आवाज असा कधी निघाला नव्हता. "आज आक्का नसती तर तुमाला बायकू नसती. पाटी घिऊन मी दोरीलाच चिकटून उभी हुते. आन् देवी काय म्हनली ते तुमी ऐकलं न्हाई?"

"देवी काय म्हनली गं?" रंगूबाईंनी भाबडेपणानं विचारलं. "मला काय ठावं? मी शुद्धीत हुते का?"

मनुबाईनं अक्षर न अक्षर म्हणून दाखवलं. रंगूबाई "आगं बया!" म्हणत ऐकत राहिल्या.

एवढ्यात उंबऱ्यात धोंडुबाई. ही आता तपासायला आली, हे कुणी सांगायला नको होतं. तिनं रंगूबाईंना खालवर न्याहाळलं.

"का गं रंगूबाय, तुज्या घरात देव अंगात येत न्हाई न्हवं?"

"आजवर न्हवता येत," रंगूबाई म्हणाल्या. "आज आला. तुला काय वाटतं, खोटा हुता?"

धोंडुबाईनं मनात हिशेब केला. खोटा म्हणावं, तर उद्या लोक आपल्याला विचारणार, मग तुझा खरा कशावरून? तिनं पदर सावरला.

"खोटा कसा असंल बाई? माज्यापेक्षा तुजा हुंकार मोठा हुता. राजाराम, देवीचा बोल मोडू नगंस बाबा. मागं एकानं मोडला, त्येची म्हस आटली."

राजारामनं गोठ्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसला.

आता उरले हंबीरराव. ते इतका वेळ सुपारी कातरत होते. धोंडुबाई गेली, मुलंमाणसं पानावर बसायला उठली, तसं ते बायकोच्या जवळ सरकले.

"कारभारणी, देवी आली की बायांच्या हातातलं ताट उडून जातं. तुज्या ताटातला तांदळाचा एक दाणा सांडला न्हाई. मी खालनं बघत हुतो."

रंगूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. या माणसापासून काय लपणार? "मग? सांगा जावा गावाला."

"गावाला कशाला?" हंबीररावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पलटणीत आमी बंदुका घिऊन मानसं थांबवायचो. दोरीवर थांबवताना मी कुणाला बघितलं न्हवतं." मग मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, "चंद्रा, ती टोपी हिकडं दे! बिल्ला काळा पडलाय. असा बिल्ला लावून कवायतीला उभी ऱ्हाईलीस तर माझं नाव बदनाम हुईल."

चंद्राबाई टोपी द्यायला आली आणि सासऱ्याच्या पायाशी बसूनच राहिली. हंबीररावांनी चिंच मागवली, चिंधी मागवली आणि बिल्ला घासायला घेतला. कृष्णातच्या नावाला त्या घरात दोन वर्षांत कुणी तोंड फोडलं नव्हतं. त्या रात्री म्हाताऱ्यानं बिल्ला घासता घासता सांगितलं, की कृष्णात पहिल्या सुट्टीला आला तेव्हाही त्याचे बिल्ले आपणच असे घासून दिले होते. चंद्राबाई हसली आणि तशीच रडली. मनुबाईनं तिला ताटावर ओढून नेलं.

सगळं आवरल्यावर चंद्राबाई सासूचे केस विंचरायला बसली. दिवसभर मोकळे राहून त्यांचा गुंता झाला होता.

"आत्याबाई, एक विचारू?"

"नगं विचारू."

"समदं सोंगच हुतं?"

रंगूबाईंनी गळालेला केस बोटाला गुंडाळला. "बायांस्नी बसवलं ते सोंग माझं. घुमले ते बी माझंच. पर त्या म्हातारीनं विचारलं तवा मी काईतरी थातुरमातुर बोलणार हुते. 'माझी लेक' असं तोंडातनं कोण बोललं, ते मला आजून उमजलं न्हाई." मग मान झटकून, "वढू नगं येवढं! केस हायती, दोरी न्हवं."

रविवारी सकाळी कराडची एसटी फाट्यावर येऊन धुरळा उडवत थांबली. ड्रायव्हर घाईत, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातलेला. आणि चंद्राबाईची टोपीच सापडेना. बिल्ला आणखी एकदा घासायला म्हणून ती हंबीररावांनी नेली होती.

रंगूबाई तरातरा रस्त्याच्या मधे गेल्या आणि एसटीच्या नाकापुढं उभ्या राहिल्या. फाट्याच्या कट्ट्यावर अर्धं गाव बसलेलं. केस नीट अंबाड्यात बांधलेले, नथ जागच्या जागी, अंगात कुणी नाही.

"आवं आजी, सरा बाजूला! उशीर झालाय!"

"झाला तर झाला!" रंगूबाई ओरडल्या. "थांबव रं गाडी! माझी लेक यायचीया कवायतीला!"